घुंगुरपूर

वारंगा फाट्याच्या अलीकडं बस हळू झाली आणि मोहिनीनं खिडकीतून ती पाटी वाचली. आधी राग आला; कशाचा, ते मागून कळलं. पिवळ्या फ्लेक्सवर निळं आभाळ, आभाळाखाली कारंजं, कारंज्याशेजारी पांढऱ्याशुभ्र दातांचं एक कुटुंब हसत उभं, आणि त्यांच्या डोक्यावर जाड लाल अक्षरं : घुंगुरपूर. खाली बारीक अक्षरांत, हायवे टच प्लॉट, ताबडतोब ताबा. पाटीमागच्या रानात एक रोलर मुरुमावर जात-येत होता. तेवढ्यात पाटी मागं सरकली, तिची पाठ दिसली, पाठीला नुसते बांबू. दाढ ठणकत होती म्हणून मोहिनी सकाळीच हिंगोलीहून नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं निघाली होती. आता ठणका दाढेत आहे की आणखी कुठं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. घुंगुरपूर नावाचं गाव कुठल्या तालुक्यात नाही, नकाशात नाही, कुणाच्या आठवणीतल्या सोयरिकीत नाही. ते नाव तीन लेकरांनी मिळून केलं होतं. त्यातलं एक लेकरू चार वर्षांचं असताना गेलं. एक ती स्वतः, पन्नाशीला आलेली, हिंगोलीच्या शाळेत मुलांना मराठी शिकवणारी. उरला पाठचा भाऊ, शिवहार. "फाटा! फाटावाले चला!" कंडक्टर ओरडला. तिचं तिकीट नांदेडचं होतं. ती उतरली.

फाट्यावरून मागं, पाटीच्या दिशेनं, ती उन्हातून चालू लागली. टायरची दुकानं, रसवंती, ट्रक धुणारी पोरं, आणि या सगळ्यांच्या वरून वाहणारा चारपदरी रस्त्याचा तो एकसुरी घरघराट. या बाजूला ती सहसा यायची नाही. शिवहारचं घर फाट्यालाच होतं, वडील, बापू, त्याच्याकडंच राहायचे, तरी दिवाळीला भाऊ-बहिणीची भेट व्हायची ती हिंगोलीत, तिच्या घरी. नवरा, वैजनाथ, एकदा म्हणाला होता, माहेरी जायला बाया रडतात आणि तू जायचं म्हटलं की तुझं डोकं दुखतं. ती हसली होती. माहेर म्हणजे काय हे त्याला कसं सांगायचं? त्याचं गाव जागच्या जागी होतं. तिचं माहेर गाढवाच्या पाठीवर होतं. बापूच्या, म्हणजे मसाजीच्या, मेंढरांमागं त्यांचं लहानपण गेलं. सुगी झाली की कळप निघायचा. शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. काही रात्री या रानात, काही रात्री त्या. रान खतावलं की उठायचं. जिथं उतरायचं तिथं माय, चांगुणाबाई, तीन दगडांची चूल मांडायची, आणि चुलीचा धूर वर जातो न जातो तोच बिऱ्हाडाच्या मागं तीन लेकरांची नगरी उभी राहायची. लेंड्यांच्या भिंती. फुटक्या बांगड्यांच्या खिडक्या. ज्वारीच्या धाटाचे मनोरे. प्रजा म्हणजे चिंचोके, आणि वेशीवर एडक्याच्या गळ्यातलं तुटकं घुंगरू. मायच्या दळणाच्या चालीवर शिवहारनं त्या नगरीला ओवी केली होती, आणि सात वर्षांच्या पोराला ती कशी सुचली हे मराठी शिकवणाऱ्या मोहिनीलाही उलगडलं नव्हतं :

घुंगुरपुराला गं सात दारं वाऱ्याची
राणी निघून गेली वाट पुसत ताऱ्याची

राणी म्हणजे रागिणी. सगळ्यात धाकटी. तिला भिंत बांधता यायची नाही, ती बांधलेली भिंत खायची. म्हणून तिला राणी केलं होतं; राणीला काम नसतं.

नगरी उठायची तेव्हा नुसती मोडून चालायचं नाही. माय चूल मोडायची तशी रीत होती : दगड उपडे करायचे, काळी बाजू मातीला, राख पसरून टाकायची, आपण इथं होतो याची खूण मागं ठेवायची नाही. मग सगळ्यांची नावं घेऊन हाक मारायची, एरवी न घेतलेलं नवऱ्याचंसुद्धा. मसाजी, चला. मोहिने, चल. शिव्या, चल. कुत्र्यांची नावं घ्यायची, गाढवाचंही. ज्याचं नाव राहिलं त्याचा जीव तिथंच राहतो, असं माय म्हणायची. हे पाहून लेकरांनीही ठरवलं की घुंगुरपूर का उठलं, ते प्रजेला सांगितल्याशिवाय उठवायचं नाही. असा नगरीचा इतिहास झाला. पहिली नगरी हट्ट्याला, कालव्याच्या काठावर. ती उठली कारण राजाचा पांढरा एडका आंधळा झाला, वेशीबाहेर चालत सुटला, आणि त्याच्या घुंगराच्या आवाजामागं सगळी प्रजा निघाली. दुसरी कयाधूच्या वाळूत. ती उठली कारण नदीला तहान लागली होती आणि तिनं शहराच्या विहिरी पिऊन टाकल्या. तिसरी आखाडा बाळापूरला, उत्तमरावाच्या रानात; ती उठली कारण घुंगरू वाजेनासं झालं, आणि ज्या नगरीचं घुंगरू वाजत नाही तिथं झोप लागत नाही. दरवेळी शिवहार कारण सांगायचा आणि मोहिनी ते ओवीत बसवायची, आणि रागी चिंचोके ओच्यात भरायची, एकदोन तोंडात. मोठेपणी, हिंगोलीच्या भाड्याच्या खोलीत, नव्या लग्नात, एका दुपारी भाजी निवडता निवडता मोहिनीला एकाएकी कळलं होतं की तिन्ही वेळा कारण एकच होतं. रान दुसऱ्याचं होतं. त्या दिवशी तिच्या हातची मेथी तशीच सुकून गेली होती.

चौथी नगरी इथं, वारंग्याला, पाटीमागच्या याच रानात. या नगरीबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. मुलगी, सृष्टी, लहान असताना झोपताना गोष्ट मागायची तेव्हा मोहिनी तिला एडक्याची सांगायची, नदीची सांगायची, घुंगराची सांगायची, आणि म्हणायची, झालं, संपलं. बाळापूरला रागीला ताप भरला होता. बिऱ्हाड भर उन्हात हललं, अवेळी, चुलीवरची भाकर अर्धी कच्ची. मोहिनीला ते सगळं चित्रासारखं आठवत होतं : रागी मायच्या खांद्यावर, पदराखाली, तिचा एक पाय लोंबकळता, पायात काळा दोरा. मायनं सगळ्यांची नावं घेतली आणि शेवटी म्हणाली, रागे, चल. वारंग्याला उतरल्यावर दुसऱ्या सकाळी मायचे हात मोकळे होते. बापू म्हणाले, रागी गेली. कुठं, हे लेकरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे. त्या दिवशी मोहिनी आणि शिवहारनं नगरी बांधली, सगळ्यांत मोठी, दिवसभर, न बोलता, आणि राणीला तिच्यात निजवलं, म्हणजे एक चिंचोका पुरला. आणि बिऱ्हाड उठलं तेव्हा माय चूल उपडी करून नावं घेऊ लागली, आणि मोहिनी कान टवकारून उभी राहिली. मसाजी, चला. मोहिने. शिव्या. कुत्री. गाढव. बस. मायनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि चालू लागली. रागीचं नाव तिनं घेतलं नाही. म्हणजे रागी इथं. म्हणजे ही नगरी उठलीच नाही, हिच्यात एक माणूस राहतं. त्यानंतर त्यांनी पाचवी बांधली नाही. पुढं मेंढरं विकली गेली, शाळा आली, माय गेली, आणि मोहिनीच्या आत कुठं तरी ते एका माणसाच्या वस्तीचं शहर तसंच राहिलं, लेंड्यांच्या भिंतींचं, पावसात न विरघळणारं.

पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर शिवहार बसला होता, पांढरा शर्ट, काळा गॉगल. तिला बघून तो उठला.

"अक्का! तू इथं? काहून, फोन तरी करायचा."

"पाटी वाचली."

"कशी हाय? ते कारंजं मी म्हणलो व्हतो टाकू नको म्हणून. पोरं इचारतेत कारंजं कुठाय."

"नाव कुणाला विचारून टाकलंस?"

"कुणाला इचारू? राजाला?" तो हसला. "भागीदार म्हणत व्हता बालाजीनगर टाका. मी म्हणलं, बालाजीनगरं ढिगानं हायेत रस्त्यानं. गिऱ्हाईक थांबलं पाहिजे पाटीपाशी. आन थांबून राहिलेत बग. म्हणतेत, हे कुठलं गाव? मी सांगतो, लई जुनी नगरी व्हती इथं. चार डाव बसली, चार डाव उठली."

"आन काय म्हणतात?"

"एक जण म्हणला, काहून उठली? भूतबित न्हाई ना? म्हणलं, छ्या! पाण्याची तकलीफ व्हती. आता बोअर मारलेत."

तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी. तो बोलत होता आणि ती त्याच्या खांद्यावरून रोलरकडं बघत होती. चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला रोवलेले दगड, दगडांवर लाल आकडे. रेघांच्या आत कुणी नव्हतं. एवढी रिकामी नगरी त्यांनी कधी बांधली नव्हती. रोलर रानामागच्या ओढ्याच्या अंगाला जाऊन वळला, परत आला, परत तिकडं गेला, आणि जिथं तो वळत होता तिथली जमीन तिच्या छातीत दबू लागली.

"शिव्या, तो रोलर थांबव."

"आता काय झालं?"

"थांबव म्हणते ना. ओढ्याकडं रस्ता काढून राहिलास. तिथं रागी हाय."

शिवहारनं गॉगल काढला. गॉगलाखालचे डोळे लहान होते, थकलेले, बापूसारखे. "तिथं न्हाई," तो हळू म्हणाला. "मला काय ठावं न्हाई व्हय? ती रस्त्याकडंच्या बाभळीपाशी हाय. तिथली जागा सोडली मी. बग, ती मोकळी. नकाशात बगीचा दाखवलाय. भागीदार म्हणला, रस्त्याकडंची जागा बगीच्याला कोण सोडतं, मागं टाका. त्याच्यासंगं बोलणं बंद झालं माझं त्याच्यापाई."

हे तिला अपेक्षित नव्हतं. रस्त्यानं चालत येताना तिनं त्याच्यासाठी जी वाक्यं जुळवली होती ती सगळी निकामी झाली, आणि निकामी झाली म्हणून ती जास्तच चिडली. "बाभळीपाशी कशी असंल? राणीला पश्चिम दाराशी निजवलं होतं आपण. पाण्याच्या अंगाला. तूच म्हणला होतास, रात्री तिला तहान लागंल."

"मी म्हणलो व्हतो पूर्वेचं दार. सकाळी पहिला उजेड तिच्यावर पडंल म्हणून. तुला आठवून न्हाई राहिलं, अक्का."

"मला आठवत नाही? इतिहास कुणी पाठ केला होता? तू तर एडका काळा म्हणायचास."

"एडका काळाच व्हता!"

"पांढरा!"

"काळा! आन त्यो आंधळा न्हाई, बहिरा झाला व्हता. आंधळा कसा चालंल?"

रोलर थांबला होता. वर बसलेला ड्रायव्हर बाबूसिंग, चाळिशीचा माणूस, तोंडातला तंबाखू गालात धरून दोघांकडं बघत होता. "शिवहार सेठ," तो म्हणाला, "चालू रखू का बंद?" दोघांपैकी कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. एका शिक्षिकेचा आणि एका प्लॉटवाल्याचा, उन्हात उभं राहून, चाळीस वर्षांपूर्वीच्या लेंड्यांच्या शहराला कुठल्या बाजूला दार होतं यावरून गळा बसेपर्यंत वाद चालला होता, आणि त्या वादावर एका लेकराची हाडं अवलंबून होती. दुसरी खूण नव्हती. रोवलेला दगड नाही, खुणेला लावलेलं झाड नाही. खूण मागं ठेवायची नाही ही त्यांची रीत. सगळा मुलूख त्यांनी गोष्टीतच ठेवला होता, आणि आज गोष्टी दोन निघाल्या. मोहिनीला एक क्षण वाटलं की हा मुद्दाम करतो आहे. मग तो बोटांवर सात दारं मोजताना दिसला, आणि वाटलं, हा खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

"बापूला विचारू," ती म्हणाली.

"बापूला काय आठवतंय? सकाळी जेवलो का म्हणून दोनदा इचारतो."

"विचारू तर."

मसाजी घराच्या ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून, रस्त्याकडं तोंड करून. दिवसभर ते गाड्या बघत. मोहिनीला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस का? दाढ दुखती म्हणं तुझी. लवंग धर." परवा फोनवर सांगितलेलं; म्हणजे आठवत होतं. शिवहारनं खालच्या पायरीवर बसून विचारलं, "बापू, रागीला कुठं ठेवलं? बाभळीपाशी का ओढ्याकडं?"

रस्त्यावरून एकामागं एक तीन कंटेनर गेले.

"कुठल्या बाभळीपाशी?"

"आपलं बिऱ्हाड व्हतं ना इथं. वारंग्याला."

"इथं कुठली?" मसाजी म्हणाले. "ती बाळापूरलाच गेली. भर दुपारी. उत्तमरावाला म्हणलं, कोपऱ्यात जागा द्या, बांधाला. ते म्हणले, मसाजी, रान बसायला दिलं, पुरायला न्हाई दिलं. त्यांचंबी बराबर व्हतं. पेरायचं रान." ते थांबले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मंग हललो. तुमच्या मायनं खांद्यावर घेतली, तुमाला म्हणली, निजलीय, आवाज करू नका. तुमी गप चालले. लई गुणाची लेकरं."

मोहिनीच्या तोंडात दाढेचा ठणका एकदम बंद झाला. लोंबकळता पाय. काळा दोरा. ती त्या पायाकडं बघत बघत मैलभर चालली होती. पाय हलायचा तसा तीही पाय टाकत होती, खेळ म्हणून.

"आन मंग?" शिवहार म्हणाला.

"मंग वाटंत वळणापाशी मुरुमाची खाण व्हती. सडकेच्या कामासाठी खांदलेली. तुमाला मेंढरांसंगं पुढं लावलं. तिथं ठिवली. वर मुरूम वढला. तुमची माय म्हणली, पोरांना सांगू नका, रस्त्यात ठिवली म्हणून. मंग तिनं खांद्यावर घोंगडी घेतली गुंडाळून, पदराखाली, तुमी मागं वळून बघितलं तर पोर दिसावी म्हणून. वारंग्यापस्तोर तशीच आली." म्हाताऱ्यानं हात उचलून रस्त्याकडं दाखवलं, नुसतं दाखवायचं म्हणून. "खाण बुजली मागंच. मंग डांबर आलं. मंग रस्ता रुंद झाला, मंग आणिक रुंद झाला. आता ते वळणबी न्हाई म्हणतेत. सरळ केलंय."

आतून कुकरची शिटी झाली. मोहिनीनं वाट पाहिली की आता आपल्याला रडू येईल, आणि ते आलं नाही. आली ती एक कोरडी, लाजिरवाणी मोजदाद : बाळापूर सोडताना मायनं जी हाक मारली, रागे, चल, ती जिवंत लेकराला नव्हती. आणि वारंग्याला नाव घेतलं नाही ते रागी इथं राहिली म्हणून नव्हे. इथं ती आलीच नव्हती. चाळीस वर्षं आपण ज्या नगरीची वस्ती जपली ती पहिल्या दिवसापासून रिकामी होती. एका चिंचोक्याची राखण केली. हिंगोलीतल्या कित्येक दुपारी, वर्गात पोरांचा गलका चाललेला असताना, ती मनानं इथं येऊन बसायची, ओढ्याकडच्या दाराशी, राणीच्या उशाला. आणि उशाला कुणी नव्हतं.

शिवहारनं मान खाली घालून पायरीवरचा खडा नखानं उकरला. मग म्हणाला, "मंजे ती बगीच्याची जागा..." आणि तिथंच थांबला. रस्त्याकडची, सगळ्यांत महाग जागा होती ती. मोहिनीनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं नजर टाळली. तिला त्याला काही तरी जिव्हारी लागेल असं बोलायचं होतं. पण त्याच घटकेला तिच्याही आत काही तरी सैल झालं होतं, वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ सुटावी तसं, आणि त्या हलकेपणाची तिला शिसारी आली. दोघंही सुटले होते. त्याला बगीचा लागणार नव्हता, तिला या बाजूला यायचं कारण उरलं नव्हतं. रागीच्या नावानं जे होतं ते एका म्हाताऱ्याच्या चार वाक्यांत दोघांनी परत घेतलं.

"तुमी कुठल्या दाराचं भांडून राहिले व्हते?" मसाजींनी विचारलं. "बाबूसिंग सांगत व्हता फोनवर सूनबाईला. दोघं भांडून राहिलेत म्हणं दारावरून."

"काही न्हाई बापू," शिवहार म्हणाला. "प्लॉटचं."

जेवून जा म्हणाले, ती जेवली नाही. शिवहार म्हणाला, बाळापूरपर्यंत सोडतो, तिथून हिंगोलीची गाडी लवकर मिळंल. नांदेडचं नाव दोघांनी काढलं नाही. गाडीत एसीचा गार वारा आणि नव्या सीटच्या प्लास्टिकचा वास. पाटी आली आणि गेली. दोघांनी तिकडं पाहिलं नाही. पुढं रस्ता सरळ, इतका सरळ की लांबवर तो पाण्यासारखा चमकत होता. दोन्ही अंगाला हळदीची रानं, मधे दुभाजकात कण्हेर. कुठं तरी इथं एक वळण होतं, आणि वळणाला खाण होती, आणि मेंढरांच्या धुरळ्यात दोन लेकरं शहाण्यासारखी पुढं चालली होती, रागी निजलीय, आवाज करायचा नाही म्हणून.

"इथंच कुठं तरी," शिवहार म्हणाला आणि त्यानं वेग कमी केला.

"थांबव."

"थांबवतो."

त्यानं डावा दिवा लावला. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला, लांब, न तुटणारा, मग त्याच्या मागच्यानं दिला. आरशात ट्रकचं तोंड एवढं मोठं झालं की दुसरं काही दिसेना. कडेला लोखंडी कठडा होता, कठड्याला फट नव्हती. शिवहारनं एक शिवी हासडली, दिवा बंद केला आणि अॅक्सिलरेटरवर पाय दाबला. ट्रक धडधडत शेजारून गेला, मग दुसरा. गाडी हलली आणि स्थिर झाली. मोहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. पायांखाली रस्ता सरकत होता, गुळगुळीत, एकही गचका न बसता.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "गेलं का ते वळण?"

शिवहारनं समोरच बघत सांगितलं, "गेलं असंल."